ॲपमधला निरोप आणि बदलणारी यादी



मोबाईल आता बांधावर पोचला आहे. कारखाना, बँक, खताची कंपनी, ठिबकवाले, ज्याचे त्याचे ॲप आहे आणि बहुतेक ॲपमध्ये निरोप ठेवायची एक पेटी आहे. तिला इनबॉक्स म्हणतात. आपण सोयीसाठी निरोपपेटी म्हणू. या पेटीविषयी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली, "काल निरोप दिसत होता, आज कुठं गेला?" दुसरी, "शेजाऱ्याला आला, मग मला का नाही?" तिसरी तक्रार सहसा कोणी करत नाही, पण नुकसान सर्वांत जास्त तिच्यातच होते. निरोप आता आपल्याला लागू राहिलेला नसतो, तरी पेटीत तसाच पडून असतो, आणि आपण त्यावर विसंबून काम करून बसतो.

तिन्हींचे मूळ एकच आहे. पेटीतला प्रत्येक निरोप एका यादीवर बेतलेला असतो आणि ती यादी बदलत असते. यादी बदलली म्हणजे निरोपाचे काय करायचे, हे पाठवणाऱ्याने आधी ठरवावे लागते. ते ठरवले नसेल तर गोंधळ होतो आणि त्याची किंमत शेतात मोजावी लागते. म्हणून हा विषय सभासदांनी आणि गट ऑफिसातल्या मंडळींनीही नीट समजून घ्यावा.

निरोपाच्या तीन वाटा

मोबाईलवर निरोप तीन वाटांनी येतो आणि तिन्ही वाटांची रीत वेगळी आहे.

पहिली वाट एसएमएसची. हा पोस्टकार्डासारखा. एकदा टाकला की परत घेता येत नाही. उत्तर प्रदेशात ऊस पुरवठ्याची पर्ची शेतकऱ्याला एसएमएसने जाते. तिथला ऊस विभाग शेतकऱ्यांना वारंवार बजावतो की मोबाईल चालू ठेवा, एसएमएसची पेटी भरू देऊ नका आणि जाहिराती बंद करण्याची डीएनडी सोय लावून ठेवू नका. नाहीतर पर्ची पोचणार नाही. निरोप निघाला म्हणजे तो पोचलाच असे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरी वाट वरच्या पट्टीवर टिंग करून येणाऱ्या सूचनेची, म्हणजे नोटिफिकेशनची. अँड्रॉइड फोनवर ती गूगलच्या यंत्रणेतून येते, आयफोनवर ॲपलच्या. फोन बंद असला तर गूगलची यंत्रणा ती सूचना जास्तीत जास्त चार आठवडे धरून ठेवते. पाठवणाऱ्याने मुदत कमी लावली असेल तर तेवढीच. २०२२ साली आलेल्या अँड्रॉइड १३ पासून नवे ॲप घातल्यावर सूचनेसाठी आपली परवानगी लागते. घाईत "नको"वर बोट पडले की टिंग वाजत नाही. शिवाय सूचना बोटाने बाजूला सारली की पट्टीवरून गेली.

तिसरी वाट निरोपपेटीची. तिला ती परवानगी लागत नाही. आपण ॲप उघडतो तेव्हा ॲप कारखान्याच्या किंवा कंपनीच्या संगणकाला विचारते, "या सभासदासाठी काय आहे?" संगणक यादी पाहून उत्तर देतो आणि निरोप पेटीत दिसतात. हे चावडीवरच्या फळ्यासारखे आहे. फळा तिथेच असतो, पण जाऊन वाचावा लागतो. फरक एवढाच की या फळ्यावर प्रत्येकाला वेगळा मजकूर दिसतो आणि लावणारा तो केव्हाही बदलू शकतो, काढूही शकतो.

टिंग वाजली आणि पेटी उघडली तर आत काहीच नाही, असे का होते ते यावरून कळेल. सूचना सकाळी निघाली. दुपारी यादी बदलून आपले नाव गळले. संध्याकाळी आपण पेटी उघडली. सूचना परत गेली नाही, पण फळ्यावरचा मजकूर मात्र गेला.

यादी म्हणजे काय आणि ती का बदलते

मार्केटिंगची माणसे या यादीला ऑडियन्स म्हणतात. "ज्यांनी गेल्या वर्षी ठिबक घेतले", "ज्यांचे पीककर्ज जूनअखेर फिटले", "ज्यांच्याकडे दोन एकरांच्या वर ऊस आहे" अशा अटी लावून संगणक नावे काढतो. कारखान्यातही रीत तीच. आडसाली लागणवाल्यांची एक यादी, पूर्वहंगामीची दुसरी, सुरूची तिसरी, खोडव्याची चौथी.

आता ही यादी एका जागी थांबत नाही. लागणीची तारीख चुकीची नोंदली गेली होती ती दुरुस्त झाली. तोड झाली आणि लागणीचा प्लॉट खोडव्यात गेला. जमिनीची वाटणी झाली. भाग वारसाच्या नावावर झाला. नवीन सभासद आले. या प्रत्येक बदलाने एक नाव एका यादीतून निघून दुसरीत जाते. नाव गेले तरी त्या यादीवर आधी लागलेले निरोप मागे राहतात. गडबड होते ती इथेच.

एक साधे उदाहरण घेऊ. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र सांगितले आहे आणि सुरू उसाला २५० किलो. हे नत्र चार हप्त्यांत द्यायचे आणि त्यातला ४० टक्क्यांचा मोठा हप्ता बांधणीच्या वेळी. समजा, एका सभासदाचा सुरू ऊस नोंदीत चुकून आडसाली लागला. त्याच्या पेटीत आडसालीच्या खताचा निरोप आला. महिन्याने चिटबॉयने नोंद दुरुस्त केली आणि नाव सुरूच्या यादीत गेले. पण जुना निरोप पेटीतून निघाला नाही आणि नवा त्याच्या खाली येऊन बसला. आता पेटीत दोन निरोप आहेत, दोन्ही कारखान्याच्याच नावाने. शेतकऱ्याने कोणता पाळायचा? चुकीचा पाळला तर हेक्टरी दीडशे किलो नत्राचा फरक पडतो. पैसा जातो तो जातोच, वर ऊस माजतो आणि लोळतो.

गोठवलेली यादी आणि चालती यादी

संगणकाला यादी दोन प्रकारे वापरता येते.

पहिला प्रकार गोठवलेल्या यादीचा. ज्या दिवशी निरोप निघाला त्या दिवशी यादीत जी नावे होती, त्यांनाच तो मिळतो. नंतर कोणी आत आला तर त्याला मिळत नाही, आणि कोणी बाहेर गेला तरी त्याच्या पेटीतून तो निघत नाही.

दुसरा प्रकार चालत्या यादीचा. इथे ॲप उघडताना संगणक दरवेळी नव्याने पाहतो की हे नाव आज यादीत आहे का. असेल तर निरोप दिसतो, नसेल तर दिसत नाही. त्यामुळे नवा माणूस आत आला की त्याला जुना निरोपही दिसू लागतो, आणि बाहेर गेलेल्याच्या पेटीतून तो गुपचूप नाहीसा होतो.

यातला कोणता प्रकार चांगला? दोन्ही चांगले, आपापल्या जागी. ढोबळ नियम असा सांगता येईल. जो निरोप पुढे पुरावा म्हणून दाखवावा लागेल, तो गोठवलेल्या यादीने जावा. सभेची नोटीस, बिल जमा झाल्याची खबर, नोंद मंजूर झाल्याची खबर, हे निरोप या जातीचे. एकदा सांगितले ते सांगितले. यादी बदलली म्हणून ते पुसले जाता कामा नये. उलट जो निरोप "आज काय करा" एवढेच सांगतो, तो चालत्या यादीने जावा. पाण्याचा सल्ला, खताचा हप्ता, रोपे शिल्लक असल्याची खबर, सवलतीची जाहिरात, हे त्या जातीचे. परिस्थिती बदलली की त्यांचे कामही संपते.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र प्रत्येक निरोपाला लागतेच, ती म्हणजे मुदत. "हा निरोप अमुक तारखेपर्यंत" असे संगणकात घातले की त्या तारखेनंतर तो आपोआप पेटीतून उतरतो. पुराव्याच्या निरोपाला मुदत लांब, कामाच्या निरोपाला आखूड. मुदत न घातलेला निरोप म्हणजे लग्न होऊन गेल्यावरही दारावर राहिलेला मांडव.

यादी बदलली की तीन वाटे पडतात

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. निरोप गेल्यावर यादी बदलली तर काय करायचे? याचे उत्तर आकड्यांनी समजून घेऊ.

समजा, गट ऑफिसने १२० सभासदांना निरोप दिला, "आपल्या प्लॉटची तोड येत्या पंधरवड्यात आहे. पाणी बंद करावे." मग अवकाळी पाऊस झाला, काही रस्ते चिखलाने बंद पडले आणि तोडणी प्रोग्राम बदलला. १५ प्लॉट मागे गेले आणि दुसऱ्या शिवारातले २० पुढे आले. नवी यादी १२५ जणांची झाली.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली चूक अशी की नव्या यादीतल्या सगळ्या १२५ जणांना निरोप पुन्हा जातो. त्यांतले १०५ जण जुनेच आहेत. त्यांना एकच निरोप दोनदा मिळतो आणि ते विचारात पडतात, "तारीख पुढं गेली काय?" आणि जे १५ मागे गेले, त्यांना कोणीच काही सांगत नाही. दुसरी चूक याच्या उलट. जुना निरोप पेटीतून पुसून टाकला की काम झाले, असे वाटते. पण त्या १५ जणांनी तो आधीच वाचलेला असतो. पेटीतला निरोप पुसला म्हणून शेतातले बंद केलेले पाणी आपोआप सुरू होत नाही. ते टोळीची वाट बघत बसतात आणि ऊस वाळतो. वजन घटते ते सभासदाचे.

नीट रीत अशी. जुन्या यादीची प्रत जपून ठेवावी. नवी यादी तिच्याशेजारी ठेवून नावे ताडून पाहावीत. तीन वाटे पडतील. जे दोन्ही याद्यांत आहेत ते १०५, त्यांना काही पाठवू नये. जे नव्याने आले ते २०, त्यांना पूर्ण निरोप पाठवावा, सूचनेसकट. जे बाहेर गेले ते १५, त्यांच्या पेटीतल्या जुन्या निरोपावर "रद्द" असा शेरा यावा आणि खाली साफ शब्दांत लिहावे, "आपली तोड पुढे गेली आहे. पाणी चालू करावे. नवी तारीख स्वतंत्र कळवू." या १५ जणांना टिंग वाजलीच पाहिजे, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ज्यांनी पेटी उघडली नाही, त्यांना चिटबॉयने फोन करावा. पंधरा फोन काही फार नाहीत.

तीन वाट्यांत हा शेवटचा वाटा सर्वांत लहान असतो आणि नेमका तोच विसरला जातो. संगणकाला नवीन नाव दिसते, कारण ते यादीत असते. गळलेले नाव कोणत्याच यादीत नसते, म्हणून ते कोणाला दिसत नाही. जुन्या यादीची प्रत ठेवायची ती एवढ्यासाठीच.

सवलती आणि जाहिराती

खत, बियाणे, औजारे, कर्ज यांच्या कंपन्या याच यंत्रणेतून जाहिराती देतात. "ठिबक संचावर सवलत" असा निरोप आपल्याला दिसला आणि चार दिवसांनी दुकानात गेलो तर पेटीत तो नसतो. दुकानदार म्हणतो, "आमच्याकडं असं काही नाही." दरवेळी ही फसवणूकच असते असे नाही. यादी चालती होती आणि एखाद्या अटीत आपण बसेनासे झालो, एवढेच घडलेले असू शकते. कधी तर आपण ती वस्तू घेतली म्हणूनच नाव गळते. म्हणून सवलतीचा निरोप पटला तर त्याच दिवशी पडद्याचा फोटो काढून ठेवावा. त्यात तारीख आणि मुदत दिसली पाहिजे. मुदत लिहिलीच नसेल तर दुकानाला फोन करून विचारावे आणि मगच गाडीभाडे खर्च करावे.

जाहिरातींचा त्रास होत असेल तर १९०९ वर नोंद करून डीएनडी लावता येते. पण दूरसंचार नियामकाचे २०१८ चे नियम फोन आणि एसएमएससाठी आहेत. ॲपच्या पेटीतल्या निरोपांना ते लागत नाहीत. ते बंद करायचे तर त्या त्या ॲपच्या सेटिंगमध्ये जावे लागते. तिथेही सगळेच बंद करू नये. जाहिराती बंद आणि कामाचे निरोप चालू, अशी वेगळी सोय असेल तर ती वापरावी.

सभासदांच्या साखरेचे गणित मात्र वेगळे आहे. ती जाहिरात नव्हे. साखर कोणाला आणि किती, हे भागाच्या नोंदवहीवरून आणि संचालक मंडळाच्या ठरावावरून ठरते. निरोप आला नाही म्हणून हक्क जात नाही आणि चुकून आला म्हणून हक्क मिळत नाही. सभेचेही तसेच. सहकारी कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक साधारण सभा व्हावी लागते आणि तिची नोटीस कशी द्यायची ते पोटनियमांत दिलेले असते. ॲपमधला निरोप ही जास्तीची सोय समजावी. मतदार यादीवर हरकती घ्यायची मुदत असते, ती पेटीतल्या निरोपाची वाट बघत थांबत नाही. "मला ॲपवर आलं नव्हतं" हे उत्तर तिथे चालायचे नाही.

नंबर बदलला, माणूस बदलला

यादीत नाव असते, पण निरोप जातो तो नंबरावर. हे दोन जुळले नाहीत तर बाकीची सगळी मेहनत वाया.

पुष्कळ घरांत भाग वडिलांच्या नावावर, मोबाईल मुलाचा आणि ॲप सुनेच्या फोनवर, असे असते. त्यात गैर काही नाही. पण कोणाच्या फोनवर कोणाचे खाते आहे, हे घरात ठाऊक असावे. जुना नंबर बंद केला असेल तर जास्त जपावे. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामकाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. याचा अर्थ, त्यानंतर तो कोणा परक्याला मिळू शकतो. मग आपल्या बिलाचा एसएमएस आणि ॲपमध्ये शिरण्याचा आकडा त्याच्या फोनवर जाईल. नंबर बदलला की त्याच आठवड्यात गट ऑफिसात लेखी कळवावे.

सभासद वारले आणि वारस नोंद राहिली, तर निरोप त्यांच्याच नावाने येत राहतात. घरच्यांच्या मनाला ते लागते आणि कामही अडते. वारस नोंदीचे कागद हंगाम सुरू होण्याआधी पुरे करावेत. यादीत नाव बदलले की जुन्या खात्यावरचे पुराव्याचे निरोप नव्या खात्यात आपोआप येतीलच असे नाही. बिलाच्या आणि कपातीच्या नोंदी लागत असतील तर हिशेब खात्याकडून उतारा घ्यावा. निरोप म्हणजे खतावणी नव्हे.

आपली नोंदलेली माहिती चुकीची असेल तर ती दुरुस्त करून मागण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सांगितला आहे. पण त्यासाठी कायदा दाखवायची वेळ येऊ नये. गट ऑफिसात अर्ज दिला की काम व्हायला हवे, आणि अर्जाची पोच मागून घ्यावी.

काही नेहमीचे प्रश्न

निरोप पेटीतून गेला, तर तो रद्द झाला असे समजायचे का? नाही. मुदत संपली असेल, यादी बदलली असेल किंवा आपणच पुसला असेल. गट ऑफिसात विचारल्याशिवाय काम उलटे फिरवू नये.

जुना निरोप अजून दिसतो, म्हणजे तो लागू आहे का? तसेही नाही. रेंज नसलेल्या शिवारात ॲप आधी उतरवून घेतलेली प्रत दाखवते. रेंजमध्ये येऊन पेटी ताजी करावी आणि निरोपाची तारीख पाहावी.

फोन बदलला, आता जुने निरोप दिसतील का? निरोप संगणकावर साठवले असतील तर त्याच नंबराने आत शिरल्यावर दिसतील. फोनमध्येच साठवले असतील तर दिसणार नाहीत. महत्त्वाचे असतील त्यांचे फोटो आधीच काढून ठेवावेत.

दोन निरोप एकमेकांविरुद्ध असतील तर? नंतरच्या तारखेचा धरावा, पण फोन करून खात्री करूनच.

निरोपात दुवा देऊन बँकेचा आकडा किंवा ओटीपी मागितला तर? देऊ नये. कारखान्याला बिल द्यायला आपला ओटीपी लागत नाही.

हंगामापूर्वी एवढे करावे

सभासदांनी: (१) ऊस नोंदीतला लागणीचा महिना, जात, क्षेत्र आणि गट नंबर तपासावा. चूक असेल तर आताच सांगावी, कारण सगळ्या याद्या त्यावरूनच निघतात. (२) मोबाईल नंबर आणि वारस नोंद तपासावी. (३) ॲपची सूचना चालू आहे का पाहावे. (४) तोड, पाणी आणि खत यांचा निरोप आला की तारीख आणि प्लॉट आपलाच आहे ना, हे वाचून मगच हालचाल करावी.

गट ऑफिसाने: (१) प्रत्येक निरोपावर तारीख, प्लॉट आणि मुदत घालावी. (२) यादी गोठवायची की चालती ठेवायची, ते निरोप पाठवण्याआधीच ठरवावे. (३) पाठवलेल्या यादीची प्रत ठेवावी. (४) यादी बदलली की गळलेल्या नावांना पहिल्यांदा कळवावे, नव्यांना नंतर.

हा शेवटचा क्रम मुद्दाम उलटा सांगितला आहे. नव्याने आत आलेला दोन दिवस उशिरा कळला तरी फार बिघडत नाही. त्याला पाणी बंद करायला अजून वेळ असतो. बाहेर गेलेल्याने मात्र पाणी आधीच बंद केलेले असते आणि त्याचा ऊस दर दिवसाला वाळत असतो.